दारात नावाने, घरात नात्याने



 ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक होते. त्यामुळे विषय गणिताच्या जवळचा असावा आणि माझ्या व्यवसायाशी, म्हणजे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या कामाशी, त्याचा संबंध असावा, असा विचार करून मी आजचा विषय निवडला आहे. तांत्रिक भाषेत सांगायचे तर तो असा: जावा या संगणकभाषेत, आज्ञावली चालू असताना आयत्या वेळी आणलेल्या पोटवर्गाकडून काम कसे करून घ्यावे? हे ऐकून कित्येकांना हा विषय रूक्ष वाटेल. परंतु उज्जैनमध्ये वाढलेल्या माणसाला तो रूक्ष वाटण्याचे कारण नाही. त्याचे उदाहरण आपल्या घरोघरी भिंतीवर टांगलेले असते. त्या उदाहरणाला आपण पंचांग म्हणतो.

उज्जैन आणि कालगणना यांचे नाते मी नव्याने सांगायला नको. भारतीय ज्योतिर्गणिताने आपली मध्यरेषा या नगरीवरून नेली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने क्षिप्रेच्या काठी वेधशाळा उभारली. पुढे ती मोडकळीस आली, तेव्हा १९२३ साली महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. त्या कामामागे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाचा ध्यास होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या सभासदांत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर होते, आणि आपल्या माधव महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक रा. वि. वैद्य हेही होते. समितीने धार्मिक पंचांगांच्या गणितासाठी जे मध्यवर्ती स्थान सुचवले, त्याचे रेखांश प्रमाण वेळेचे, म्हणजे ८२ अंश ३० कला, घेतले. परंतु अक्षांश घेतले ते उज्जैनचे, २३ अंश ११ कला. त्या समितीच्या शिफारशीवरूनच २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अमलात आली.

आता या शहरातील मराठी कुटुंबांच्या एका नित्य अनुभवाकडे वळतो. आपण महिना अमावास्येला संपवतो, तर आपले शेजारी तो पौर्णिमेला संपवतात. शुक्ल पक्ष दोघांचा एकाच नावाचा. कृष्ण पक्ष मात्र शेजाऱ्यांच्या गणनेत पुढच्या महिन्यात जातो. महाशिवरात्र आपल्या पंचांगात माघ कृष्ण चतुर्दशी, त्यांच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. रात्र मात्र एकच. महाकालाची सवारी श्रावणातल्या सोमवारी निघते आणि भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातल्या सोमवारीही निघते. तो भाद्रपद कृष्ण पक्ष आपल्या अमांत गणनेने श्रावणच असतो. त्यामुळे त्या सवारीत दोन्ही घरांचे श्रावण सामावतात. एकच दिवस दोन नावांनी ओळखला जातो, आणि दोन्ही नावे आपापल्या पद्धतीने बिनचूक असतात.

आज्ञावली लिहिणाऱ्यापुढे हाच प्रश्न व्यवहारात कसा येतो ते पाहा. रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेल्या सूचनांत असे नमूद केले आहे की, ज्या हिंदी धनादेशावर राष्ट्रीय शक दिनदर्शिकेप्रमाणे तारीख घातलेली आहे, तो अन्यथा नियमाप्रमाणे असल्यास स्वीकारावा, आणि मुदत उलटलेला चेक वटवला जाऊ नये म्हणून त्या तारखेची इंग्रजी तारीख बँकेने काढून पाहावी. चेकची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांची आहे. समजा, एखाद्याने चेकवर १० आश्विन १९४५ अशी तारीख घातली. शक वर्षात ७८ मिळवले की २०२३ येते. आश्विन २३ सप्टेंबरला सुरू होतो. म्हणजे ती तारीख २ ऑक्टोबर २०२३ झाली. आश्विन हा सातवा महिना. ज्या आज्ञावलीला इंग्रजी दिनदर्शिकेपलीकडे काही ठाऊक नाही ती या आकड्यांवरून १० जुलै १९४५ असे वाचील आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीचा चेक म्हणून तो परत करील. चेक कायद्याने वैध, खातेदाराची तक्रार रास्त, आणि तरीही यंत्राचा नकार, असा तो प्रसंग होईल. तो टाळण्यासाठी, पूर्वीच लिहून झालेल्या आज्ञावलीला नवी कालगणना नंतर जोडता आली पाहिजे. आजच्या विषयाचे खरे महत्त्व येथे आहे.

पंचांग हा शब्दच या प्रश्नाचे उत्तर सुचवतो. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही त्याची पाच अंगे. एखादे पंचांग गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून केलेले असेल, दुसरे सूर्यसिद्धान्तावरून, तिसरे आधुनिक दृग्गणितावरून. परंतु आजीने पंचांग उघडले की ती ग्रंथाची चौकशी करीत नाही. ती विचारते, "आज तिथी कोणती?" प्रत्येक पंचांग आपल्या पद्धतीने गणित करते आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न सर्वांना समान, उत्तर काढण्याची रीत मात्र ज्याची त्याची.

संगणकाच्या भाषेत या समान प्रश्नांच्या यादीला मूळ वर्ग म्हणावे, आणि प्रत्येक पंचांगाला त्याचा पोटवर्ग. येथे वर्ग म्हणजे शाळेची खोली नव्हे; एका जातीच्या वस्तूंचे लक्षण जेथे लिहून ठेवले आहे, तो लेख. त्या वर्गाला जे काम करता येते त्याला मेथड म्हणतात. मूळ वर्ग सांगतो की 'तिथी' नावाची मेथड असलीच पाहिजे. ती कशी काढायची हे पोटवर्ग ठरवतो. ही कल्पना नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत प्रथम रुजवली. १९९६ च्या जानेवारीत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा ती जावाच्या पायातच होती.

जावात आणखी एक सोय पहिल्यापासून आहे. वर्गाचे नाव अक्षरांत लिहून दिले तर आज्ञावली चालू असताना तो वर्ग शोधून आणता येतो. या सोयीला 'क्लास डॉट फॉरनेम' म्हणतात. बँकेची आज्ञावली आज लिहून झाली, शक कालगणनेचा पोटवर्ग दोन वर्षांनी कोणी लिहिला, तर जुन्या आज्ञावलीच्या शेजारी तो ठेवावा आणि त्याचे नाव एका साध्या फाईलमध्ये लिहावे. आज्ञावली सुरू झाली की ती नाव वाचते, वर्ग आणते, त्यातून एक वस्तू घडवते. मूळ आज्ञावलीच्या एका अक्षरालाही हात लावावा लागत नाही. जिने पोटवर्ग कधी पाहिला नाही, तीच आज्ञावली त्याच्याकडून काम करून घेते.

येथपर्यंत सर्व ठीक. नवशिका अडखळतो तो पुढच्या पायरीवर. वस्तू हातात आली, परंतु ती कोणत्या वर्गाची हे आज्ञावली लिहिताना ठाऊक नव्हते. मग तिची मेथड बोलवायची कशी? पुष्कळांना वाटते की ज्या अर्थी वर्ग नावाने आणला त्या अर्थी मेथडही नावानेच बोलावली पाहिजे. तशी सोयही आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या जावाच्या १.१ या आवृत्तीत 'रिफ्लेक्शन' दाखल झाले. आरशात पाहावे तशी आज्ञावली स्वतःच्याच वर्गांकडे पाहू शकते: यात कोणत्या मेथडी आहेत, त्यांना काय द्यावे लागते, त्या काय परत करतात. 'गेटमेथड' म्हणून नावाने मेथड शोधायची आणि 'इन्व्होक' म्हणून ती चालवायची.

परंतु आपल्या बहुतेक कामात याची गरजच नसते. आणलेला वर्ग जर मूळ वर्गाचाच पोटवर्ग आहे, तर घडवलेली वस्तू मूळ वर्गाच्या नात्याने हाती घ्यावी आणि त्या नात्यानेच तिला विचारावे. आपल्याकडे पाहुणा दारात आला की तो नाव घेऊन चौकशी करतो, "अमुक अमुक येथेच राहतात ना?" एकदा घरात घेतले की मात्र कोणी नावाने हाका मारीत नाही; काका, आत्या, मावशी या नात्याने बोलणे होते. जावातील शहाणपण हेच आहे: दारात नावाने, घरात नात्याने. वर्ग आणताना नाव वापरावे, कारण तेथे दुसरा इलाज नाही. काम सांगताना मूळ वर्गाचे नाते वापरावे, कारण ते उपलब्ध आहे. मूळ वर्गाच्या नात्याने 'तिथी' विचारली तरी उत्तर देणारा पोटवर्गच असतो. जावा चालू क्षणी वस्तूचा खरा वर्ग पाहून त्याचीच मेथड चालवते.

रिफ्लेक्शनने बोलावल्यावरही हा नियम बदलत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मूळ वर्गाच्या आरशातून मेथड घेतली आणि पोटवर्गाच्या वस्तूवर चालवली, तर पोटवर्गाने ती नव्याने लिहिली असल्यास पोटवर्गाचीच चालते. म्हणजे ज्या लाभासाठी माणूस रिफ्लेक्शनकडे धाव घेतो, तो लाभ सरळ मार्गाने आधीच मिळालेला असतो.

आता आडमार्गाने गेल्यास काय गमवावे लागते तेही पाहू. पहिली गोष्ट, नावाने मेथड शोधताना तिला द्यावयाच्या गोष्टींचे प्रकार तंतोतंत सांगावे लागतात. मेथड मूळ 'कॅलेंडर' प्रकार घेते असे लिहिलेले असेल आणि आपण हातात असलेल्या पोटवर्गाचा 'ग्रेगोरियन कॅलेंडर' हा प्रकार सांगून शोध घेतला, तर 'अशी मेथड नाही' असे उत्तर मिळते. सरळ बोलावण्यात हीच गोष्ट बिनबोभाट चालते. तेथे कंपायलर पोटवर्गाला मूळ वर्गाच्या जागी बसवून घेतो. दुसरी गोष्ट, काम करताना आत जर काही बिघडले, तर तो बिघाड एका वेगळ्या लिफाफ्यात बंद होऊन बाहेर येतो. वरवर पाहणाऱ्याला 'बोलावण्यात अडचण आली' एवढेच दिसते. लिफाफा फोडून आतले कारण वाचावे लागते. तिसरी गोष्ट, परत आलेल्या उत्तराचा प्रकार कोणालाच ठाऊक नसतो. तो आपणच जुळवून घ्यावा लागतो.

या तिन्हींपेक्षा मोठी हानी चौथी आहे. सरळ बोलावलेल्या मेथडीचे नाव चुकले तर कंपायलर लिहिणाऱ्याच्या टेबलावरच ती चूक दाखवतो. नाव अवतरणचिन्हांत अक्षरे म्हणून लिहिले तर कंपायलरच्या दृष्टीने ती केवळ अक्षरे. त्यांत 'तिथी'ऐवजी 'तीथी' असले तरी तो हू का चू करीत नाही. चूक जाते तशीच पुढे, आणि उघडी पडते ती जेव्हा कोणी खिडकीपाशी चेक घेऊन उभा असतो तेव्हा. चूक करणारा एक आणि भोगणारा दुसराच, असा हा प्रकार. मी या व्यवसायात जे काही शिकलो त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट: चूक जिथे झाली तिथेच, जो करील त्याच्याच डोळ्यांसमोर उघडी पडावी, अशी व्यवस्था आज्ञावलीत असावी.

आपण विचाराल, मूळ वर्गाच्या यादीत नसलेली एखादी मेथड फक्त पोटवर्गातच असेल तर काय करावे? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचेही उदाहरण पंचांगातच आहे. शके १९४५ मध्ये, म्हणजे २०२३ साली, अधिक श्रावण आला होता. १८ जुलैपासून अधिक श्रावण आणि त्यानंतर निज श्रावण. 'श्रावण शुद्ध पंचमी' एवढे म्हटल्याने त्या वर्षी दिवस ठरत नव्हता. चांद्रसौर पंचांगाच्या पोटवर्गाला म्हणून 'अधिकमास आहे काय?' अशी एक जादा मेथड लागते. इंग्रजी दिनदर्शिकेला ती लागत नाही, म्हणून मूळ वर्गात ती नसते.

येथे तीन मार्ग संभवतात. पहिला, त्या एका मेथडीपुरते रिफ्लेक्शन वापरणे. दुसरा, 'अधिकमास मानणाऱ्या कालगणना' अशी एक छोटी वेगळी यादी करणे, ज्यांना ती लागू आहे त्या पोटवर्गांनी तसे जाहीर करणे, आणि आणलेली वस्तू त्या नात्यातली आहे की नाही हे आधी विचारून मगच तिला काम सांगणे. तिसरा मार्ग म्हणजे मूळ वर्गाच्या यादीतच 'तुला अमुक गोष्ट सांगता येते काय?' हा प्रश्न घालून ठेवणे. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मधील तारीख-वेळेच्या नव्या वर्गांनी हा तिसरा मार्ग धरला. त्यांच्या तारखेला एखादी गोष्ट सांगता येते की नाही हे विचारता येते, आणि विचारण्याच्या गोष्टींची यादी बाहेरून वाढवताही येते. त्यात अधिक महिन्यासाठी तयार खाते नाही. परंतु ते कोणीही उघडू शकतो. दुसऱ्या व तिसऱ्या मार्गाने काम भागत असेल तर पहिल्याला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच ठिकाणी यादी कोणती करावी याचाही विचार हवा. राष्ट्रीय सौर दिनदर्शिका दिनांक देते, तिथी देत नाही. तिचे महिने चंद्रावर चालत नाहीत. चैत्राचे ३० दिवस, प्लुत वर्षी ३१. वैशाखापासून भाद्रपदापर्यंतच्या पाच महिन्यांचे प्रत्येकी ३१. आश्विनापासून फाल्गुनापर्यंतच्या सहांचे ३०. इतके सोपे तिचे गणित आहे. तिला जर 'पंचांग' या मूळ वर्गाचा पोटवर्ग केले, तर 'तिथी कोणती?' या प्रश्नावर ती निरुत्तर होईल. बार्बरा लिस्कोव्ह या अमेरिकन विदुषीने १९८७ साली एका व्याख्यानात हा दंडक मांडला: मूळ वर्गाने जे वचन दिले ते पोटवर्गाने पाळलेच पाहिजे. वचन न पाळणारा पोटवर्ग नावापुरताच पोटवर्ग. म्हणून वर्ष, महिना, दिवस एवढेच सांगणारी 'कालगणना' मूळ धरावी, आणि पाच अंगे देणारे 'पंचांग' हा तिचा एक पोटवर्ग मानावा. साहा समितीनेही व्यवहारासाठी सौर दिनदर्शिका आणि धर्मकृत्यांसाठी तिथीचे पंचांग असे दोन भाग वेगळे ठेवले होते. तोच विवेक आज्ञावली लिहिणाऱ्यालाही उपयोगी पडतो.

मी रिफ्लेक्शनच्या विरुद्ध बोलत आहे, असा समज मात्र होऊ देऊ नये. जेथे समान नातेच नाही तेथे त्याच्याइतके उपकारक दुसरे साधन नाही. आज्ञावलींची परीक्षा घेणारे जेयुनिट हे साधन त्याच्या जुन्या आवृत्त्यांत 'टेस्ट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व मेथडी आरशात पाहून शोधून काढीत असे आणि एकामागून एक चालवीत असे. कोणत्या शाळेतील कोणता विद्यार्थी कोणती परीक्षा लिहील हे परीक्षकाला आधी कळणे शक्यच नव्हते. माहितीकोशाशी बोलणाऱ्या जेडीबीसी या सोयीत तर प्रारंभी प्रत्येक आज्ञावलीत विशिष्ट माहितीकोशाच्या दुभाष्याचे नाव लिहून तो वर्ग आणावा लागे. पुढचे सर्व बोलणे मात्र समान नात्यानेच होई. दारात नावाने आणि घरात नात्याने, हा नियम तेथे अगदी डोळ्यांपुढे दिसतो. २००६ च्या डिसेंबरात आलेल्या जावा ६ मध्ये तर दारातली हाकही सुधारली. 'सर्व्हिसलोडर' या सोयीने प्रत्येक पोटवर्ग एका ठरलेल्या फाईलमध्ये आपली नोंद करून ठेवतो, आणि आज्ञावली ती नोंदवही वाचून ज्याला त्याला आत घेते.

दाराचा उल्लेख आला म्हणून दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. पहिली अशी की, जावात वर्गाची ओळख केवळ नावाने होत नाही. तो कोणी आणला हेही त्यात धरलेले असते. एकाच नावाचे दोन विद्यार्थी दोन शाळांत असले तरी ते एक नव्हेत. मूळ वर्ग एका वर्गवाहकाने आणला आणि पोटवर्गाने आपल्याबरोबर त्याच नावाचा मूळ वर्ग दुसऱ्या वाहकाकडून आणला, तर नाते जुळत नाही. अक्षरशः तेच नाव असून 'हा त्या प्रकारचा नाही' असा नकार मिळतो. म्हणून मूळ वर्ग नेहमी एकाच, सर्वांना समान असलेल्या ठिकाणाहून आलेला असावा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दारात हाक कोणाच्या नावाने मारायची हे परक्या माणसाला ठरवू दिले तर घर त्याच्या हाती जाते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जगभर वापरल्या जाणाऱ्या जावा-साधनात असा दोष उघड झाला. ते साधन केवळ नोंदी लिहिण्याचे. परंतु नोंदीतल्या विशिष्ट अक्षरांचा अर्थ लावून ते दूरच्या यंत्रावरून वर्ग आणू शकत होते. बाहेरच्या माणसाने आपल्या नावाच्या जागी ती अक्षरे लिहिली की त्याचा वर्ग आपल्या यंत्रात येऊन चालू लागे. जगातल्या असंख्य संस्थांना त्या महिन्यात रात्रीचा दिवस करावा लागला. जावाच्या कर्त्यांनी स्वतंत्रपणे दुसऱ्या बाजूनेही दारे आवळली आहेत. सप्टेंबर २०१७ मधील जावा ९ ने विभागांची रचना आणली, आणि २०२१ मधील जावा १६ व १७ यांनी भाषेच्या स्वतःच्या अंतर्गत खासगी भागांत आरशातून डोकावणे मुळातच बंद केले. आरशाने दिसते म्हणून पाहावेच असे नाही, हा संकेत आता नियम झाला आहे.

शेवटी मी ज्या मुद्द्यासाठी हे सर्व सांगितले त्याकडे येतो. जावा ८ ने स्वतःबरोबर पाच कालगणना दिल्या: आंतरराष्ट्रीय, हिजरी, जपानी, तैवानची मिंग्वो आणि थायलंडची बौद्ध. शालिवाहन शकाची राष्ट्रीय दिनदर्शिका त्यांत नव्हती. एक अब्जाहून अधिक लोकांच्या देशाच्या राजपत्रावर छापली जाणारी तारीख त्या यादीत नसावी, याचे कोणाला वाईट वाटेल. मला त्यापेक्षा महत्त्वाचे हे वाटते की, यादी करणाऱ्यांनी दार बंद केले नाही. कालगणनेचे नाव देऊन ती शोधण्याची सोय त्यांनी ठेवली, आणि सर्व्हिसलोडरच्या नोंदवहीत बाहेरच्या कोणी लिहिलेला पोटवर्ग असला तर तोही त्याच शोधात सापडतो. याच मार्गाने कॉप्टिक आणि इथिओपियन कालगणना थ्रीटेन-एक्स्ट्रा या मुक्त संग्रहात लिहिल्या गेल्या. दुसऱ्या बाजूला, युनिकोडशी निगडित आयसीयू या मुक्त संग्रहात शक दिनदर्शिकेचा वर्ग पूर्वीपासून आहे. म्हणजे गणित झालेले आहे आणि दारही उघडे आहे. हवे आहे ते नातेसंबंध नीट जोडून देणारे कोणीतरी.

माझ्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांना मी म्हणेन की, हे काम तुमच्या आवाक्यातले आहे. राष्ट्रीय दिनदर्शिकेचे सारे गणित मी मघाशी चार वाक्यांत सांगितले. अमांत आणि पौर्णिमांत गणनेतले अंतर तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. ते तुम्ही दर श्रावणात पाहता. ज्याला आपल्या घरचा महिना आणि शेजारचा महिना दोन्ही एकाच वेळी खरे वाटतात, त्याला मूळ वर्ग आणि पोटवर्ग समजायला अवघड जाऊ नये. परक्याने लिहिलेल्या आज्ञावलीत आपली कालगणना नसेल, तर तिची तक्रार करण्यापेक्षा तिचा पोटवर्ग लिहावा, मूळ वर्गाचे प्रत्येक वचन पाळावे, आणि नोंदवहीत नाव घालून द्यावे. पुढे कोण्या एका गावी, आपल्याला कधीही न भेटणारा एखादा खातेदार शक तारखेचा चेक घेऊन येईल आणि तो वटेल. त्याला आपले नाव कळणार नाही, आणि कळण्याचे कारणही नाही.

गोविंद सदाशिव आपटे यांनी मोडकळीला आलेल्या वेधशाळेची चिंता वाहिली, प्राध्यापक वैद्यांनी देशाच्या समितीत या शहराचे गणित नेऊन पोहोचवले. त्या परंपरेत आजच्या पिढीला जे लिहायचे आहे ते जावासारख्या भाषांत लिहावे लागेल, एवढाच फरक. या शाळेने आणि येथील गुरुजनांनी गणित म्हणजे केवळ उत्तर नव्हे, ते कसे काढले हेही दाखवावे लागते, असे आम्हां विद्यार्थ्यांना शिकवले. त्या ऋणाची अल्पशी परतफेड म्हणून हे चार शब्द आपल्यापुढे ठेवले.